आधी ठराव, मग सही

पुलगावच्या अलीकडच्या त्या गावात ग्रामसभेची रीत ठरलेली. आधी रजिस्टरवर सह्या, मग चहा, आणि ठराव ग्रामसेवक मागाहून सवडीने लिहिणार. मागल्या वर्षी सगळ्यांसोबत आनंदाबाईनेही अशीच डोळे झाकून सही केली आणि गावाच्या तोंडाशी संगमरवरी कमान उभी राहिली. तिच्यावर आमदारांचं नाव गावाच्या नावापेक्षा मोठं. तेव्हापासून आनंदाबाई स्वतःवरच चिडून होती, आणि ते बरंच झालं.

या खेपेला पूल येणार होता. गावाची निम्मी वावरं नाल्यापलीकडे. पाणी चढलं की निंदणाला गेलेल्या बाया तिकडेच अडकायच्या. पूल हवाच होता, पण जुन्या रपट्यापाशी, म्हणजे नाल्यातल्या बुटक्या फरशीपाशी, जिथून रोजची वाट जाते. आमदारांच्या माणसांनी खुणेचे खांब रोवले ते पार मैलभर खाली. तिथे ना वाट, ना वावर. होते ते आमदारांच्या मेहुण्याने नुकतेच पाडलेले प्लॉट. निवडणूक चार महिन्यांवर आलेली. हे न कळायला गाव काही दूधखुळं नव्हतं, पण बोलणार कोण?

सभेत रजिस्टर आनंदाबाईपुढे आलं. वरचं अर्धं पान कोरं. तिने ते मिटून मांडीवर घेतलं.

"पयले ठराव लिवा. पूल रपट्यापाशी, असा लिवा. मंग सही."

"आनंदाबाई, काऊन अडून राह्यल्या?" सरपंच रूपराव हलकेच म्हणाले. "सायेब नाराज झाले तं पूलच नाई भेटणार."

आनंदाबाईलाही ते ठाऊक होतं. रूपराव खोटं बोलत नव्हते. समोरच मंदाबाई बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा याच नाल्याच्या पुरात गेलेला. पूल हातचा गेला तर हिला काय तोंड दाखवायचं? तरी तिने रजिस्टर सोडलं नाही.

"नाई भेटला तं नाई. पान्यातून जायाची आमाले सवय हाय. पण त्यायच्या प्लॉटाले रस्ता आमच्या सह्यायनं नाई होनार."

 मग मंदाबाई उठली, आनंदाबाईला खेटून बसली आणि ग्रामसेवकाकडे वळली.

"रपट्यापाशीच लिवा, भाऊ. माहा मानूस तिथंच गेला."