उसने ठोके

प्रज्ञेश रामटेकेचं काम सांगायला सोपं होतं. इंटरनेटवरून आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, त्यातले काही वाटेत हरवतात. हरवलेल्या जागी मागच्याच आवाजाची नक्कल अशी भरायची की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. हिंजवडीच्या त्या कंपनीत ह्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

कंपनीने घाटातल्या एका आरोग्य केंद्रात यंत्रणा बसवली होती. तिथली नर्स मालनबाई गरोदर बाईच्या पोटावर यंत्र टेकवायची. आवाज ऐकू यायचा तो फक्त पुण्यात, डॉक्टर राजनंदिनींच्या दवाखान्यात. पण लाइन रडकी. "अहो, हे बाळाचे ठोके आहेत की तुटकी कॅसेट?" असं डॉक्टरबाईंनी एकदा सुनावलं, आणि झालं! साहेबांनी प्रज्ञेशचं डोकं खाल्लं. नक्कल क्षणभरच चालवायची, मग आवाज विझू द्यायचा, असा साधा नियम. ह्या शहाण्याने तो नियमच काढून टाकला. नवा तुकडा येईपर्यंत मागचा ठोका वाजत राहील, अशी सोय केली. डॉक्टरबाई खूश, साहेब खूश, प्रज्ञेशला शाबासकी.

पुढे एकदा तो दवाखान्यात स्पीकर बदलायला गेला. पलीकडे, घाटातल्या केंद्रात, रतन नावाची पहिलटकरीण होती. ठोके खणखणीत येत होते.

"छान आहे सगळं. घरी जाऊ दे तिला," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या.

"पर म्याडम, सकाळपास्नं बाळ हललं न्हाई म्हनती," पलीकडून मालनबाई.

"मालनबाई, मी कानांनी ऐकतेय. आणखी पुरावा हवाय का?"

प्रज्ञेशने सहज स्क्रीनकडे पाहिलं. तुकडे येतच नव्हते. मघाशी कधीतरी आलेला एक ठोका पुन्हा पुन्हा वाजत होता. आता बोलावं, तर सगळं आपल्याच अंगावर येणार! पण रतन घरी निघाली होती.

"मॅडम, थांबवा तिला. हे ठोके बाळाचे नाहीत. मी भरलेत."

त्याने भरणं बंद केलं. स्पीकरमधून काहीच येईना. बऱ्याच वेळाने लाइन सावरली. एक ठोका आला. तुकडे नीट येत असूनही दुसरा यायला फार वेळ लागला.

"गाडी काढा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता तिला मोठ्या हॉस्पिटलात न्या!"

संध्याकाळी मालनबाईचा फोन आला. रतन वाचली, बाळ गेलं.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर प्रज्ञेशला बरं वाटलं असतं.

"ह्याच आवाजावर मी इतक्या बायकांना घरी पाठवलंय," त्या म्हणाल्या. "त्यातल्या कुणाचे ठोके खरे होते, सांगता येईल तुम्हाला?"

प्रज्ञेशने जुन्या नोंदी उघडल्या; भरलेले ठोके त्यात वेगळे दाखवलेच नव्हते.

डॉक्टरबाईंनी पुन्हा फोन लावला. "मालनबाई, मागे घरी पाठवलेल्या त्या चैतालीचं काय झालं हो? बाळंत झाली?"

"तिचं तर मागंच पोटातच गेलं, म्याडम," मालनबाई म्हणाली. "तुमी ठोके चांगले हायेत म्हनला हुता, म्हनून मी तिलाच बोलले, तूच काय तरी खाल्लं आसशील."