कोशाचा गोंद

तेजस्विनीच्या घरी भातापेक्षा कोसाच जास्त शिजत असेल. तिची आई विमला मोठ्या गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, पाणी उकळते, त्यात धुण्याचा सोडा टाकते आणि जंगलातून आलेले कोसे, म्हणजे रेशमाचे कोश, सोडते. कोशाला घट्ट धरून ठेवणारा गोंद विरघळला की धागा मोकळा होतो. आई तो मांडीवर वळते, बाबा मागावर विणतात, आणि गोंदाचं तपकिरी पाणी नालीत जातं.

या नालीनंच सगळा घोळ केला. हेमराज सरांनी वर्गात सांगितलं, की कोशाचा गोंद म्हणजे प्रोटीन, क्रीमबिममध्येसुद्धा घालतात. तेजस्विनी ताडकन उठली. "म्हणजे सर, आमच्या नालीतून क्रीम वाहून राहिली?"

वर्ग हसला. मागच्या वर्षीची तेजस्विनी असती तर लाजून खाली बसली असती. ही नाही बसली. "मग मी ते परत काढीन," ती म्हणाली.

युक्ती साधी होती. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ना, तसंच हेही पाणी फाडायचं. प्रोटीनचे कण पाण्यात एकमेकांना ढकलत दूर राहतात. आंबटपणा नेमका जमला की ढकलाढकली थांबते, कण एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि तळाशी बसतात. आईनं वापरून ठेवलेल्या गंजात तिनं कोसे उकळले, पाणी थंड केलं, लिंबं पिळली. आणि खरंच की! पांढुरके फुटके गोळे खाली बसले. ती अंगणात अशी नाचली, की शेजारच्या चंद्रकलाकाकू विचारत आल्या, "काय वं, लॉटरी लागली का?"

लॉटरी अजून लागायची होती. साकोलीच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रयोग जाणार होता. समोर होता वर्गातला अनुप. त्यानं चिखल्याच्या मॅंगनीज खाणीची लिफ्ट बनवली होती, बटण दाबलं की खालीवर जाणारी, आत लाइटसकट. लाइटपुढे पांढऱ्या गोळ्यांचं काय चालणार? पण साकोलीला जायचंच, हे तेजस्विनीनं अख्ख्या मोहल्ल्याला सांगून टाकलं होतं. आता माघार घ्यायला तोंडच उरलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी हेमराज सरांनी तिच्या गोळ्यांवर आयोडीनचा थेंब टाकला. गोळे निळेजांभळे झाले.

"हे तर स्टार्च आहे बाई," सर म्हणाले.

अनुप फिस्सकन हसला. "तेजू, तू तर भाताची पेज आणली वं!"

पेज? कोशात पेज कुठून? आणि मग तेजस्विनीला आठवलं. त्याच गंजात आईनं त्या दिवशी सकाळी मागावरच्या ताण्याच्या धाग्यांना लावायची तांदळाची खळ शिजवली होती, आणि हिनं गंज न घासताच कोसे टाकले होते! आई रोज ओरडते, "गंज घासून ठेव, पोरी." हे कानातून आत जायचं आणि दुसऱ्या कानातून नालीत.

"सर, गोंद आणि खळ दोन्ही मिसळले आहेत! वेगळं करायला पाच मिनिटं द्या."

"वेगळं कसं करशील?"

तेजस्विनीनं विचार केला. भात चावत राहिलं की गोड लागतो, कारण थुंकी स्टार्च खाते. थुंकीतही एक प्रोटीनच असतं, खास स्टार्चवर तुटून पडणारं. तिनं गोळे परीक्षानळीत घेतले, पाणी घातलं आणि सगळ्यांसमोर थुंकली.

"छी!" तिची मैत्रीण खुशबू किंचाळली.

ऊब मिळावी म्हणून परीक्षानळी मुठीत धरून ती थांबली. एक थेंब काढून त्यात आयोडीन टाकलं. अजून निळं! अनुपनं टाळ्या वाजवल्या. "थुंकीचं पण ऐकत नाही पेज!"

हरायला आता फक्त सरांचं एक "बरं" बाकी होतं. तेवढ्यात ती ओरडली, "लिंबू! आंबटात थुंकीचं चालतच नसंल!" आंबटपणा मारायला तिनं खायचा सोडा चिमूटभर टाकला. फसफसलं. पुन्हा थुंकली, कारण आता लाज कसली? पुन्हा मूठ. पुन्हा थेंब. आयोडीन तपकिरीच राहिलं. निळं गेलं!

मग सरांनी स्वतः प्रोटीन तपासायला कॉस्टिक सोडा आणि मोरचूद टाकलं; प्रोटीन असलं की रंग जांभळा होतो. परीक्षानळी गर्द जांभळी झाली. प्रोटीन!

"ते तर तुझ्या थुंकीचंच असंल," अनुप म्हणाला. मुद्दा पक्का होता, हे कबूल करावं लागेल. सरांनी दुसऱ्या परीक्षानळीत नुसती थुंकी आणि पाणी घेऊन तसंच केलं. रंग आला न आल्यासारखा. अनुपनं दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि आपली लिफ्ट गुपचूप खाली नेली.

"जाशील साकोलीला," सर म्हणाले. "पण स्वच्छ गंजातून नवीन माल काढून. परीक्षकांसमोर थुंकायचं नाही."

संध्याकाळी आई दारातच उभी. "काय झालं वं?"

"निवड झाली आई! थुंकीनं वाचवलं!"

"म्हणजे?"

तेजस्विनीनं सगळं सांगितलं. आईनं आतून तोच गंज आणला. मग तिनं राख आणि नारळाची शेंडी पुढे सरकवली.

"घास," ती म्हणाली. "आणि थुंकून नको घासू."