फार खोल नको

ग्लेनिसनं लांब काठी काठाजवळच्या पाण्यात खुपसली. घोटाभर खोलीवरच ती दगडाला टेकली.

"इथंही बोट लागायची नाही," ती म्हणाली आणि काठी ओढून बोटीच्या छपरावर टाकली. बाहीतून गार पाणी कोपरापर्यंत उतरलं.

"पुढं बघू," आतून नॉर्मन म्हणाला. हे वाक्य त्यानं सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्यात धीरही उरला नव्हता आणि कुरकुरही.

ग्लेनिसनं बोट पुन्हा कालव्याच्या मधोमध घेतली. शाळेतून निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकून ही बोट घेतली होती. लांबलचक, आणि रुंदीला इतकी बेताची, की समोरासमोर आल्यावर एकाला अंग चोरावं लागे. तिचं नाव 'लॅपविंग'. कालव्यावर स्वतःची अशी त्यांची जागा नव्हती. अशा बोटींना एका ठिकाणी पंधरवडाभर राहता येतं, मग उठायचं आणि पुढं जायचं. जागा कुणी कुणासाठी धरून ठेवायची नाही. जो आधी येईल त्याची. उन्हाळ्यात या नियमाची मजा वाटते. ऑक्टोबरच्या शेवटी, पावसाची बुरबुर लागलेली असताना, वाटत नाही.

आज त्यांना वाटेल ती जागा चालणार नव्हती. चर्चजवळचा पूल गाठायचा होता. वसंतात नॉर्मनच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हाता-पायाच्या व्यायामासाठी इस्पितळात त्याचा नंबर लागायलाच पानगळ उजाडली. उद्या सकाळी त्याला न्यायला गाडी त्या पुलावर येणार होती. ती चुकली, की त्याचा नंबर पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि नॉर्मन काठी टेकत फार तर दोन-तीन बोटींएवढं अंतर चालू शकत होता.

पूल दिसला, तशी पुलाअलीकडची रांगही दिसली. बोटीला बोट लागलेली, धुराडी निवांत धूर सोडत होती. एका बोटीच्या पुढं थोडी जागा, दुसरीच्या मागं थोडी. दोन्ही मिळून 'लॅपविंग' सहज मावली असती. पण पडदे ओढलेले होते, हाका मारूनही कुणी बाहेर आलं नाही.

"पुलापलीकडं बघते," ग्लेनिस म्हणाली.

"पलीकडं नुसती लव्हाळी आहेत."

"मग लव्हाळी बघते!"

तिचा आवाज चढला. उजेड झरझर कमी होत होता. तिनं इंजिनाचा दांडा पुढं सारला.

पुलाला अगदी लागून, रांगेच्या टोकाला, एक जुनी हिरवी बोट बांधलेली होती. 'प्रुडन्स'. तिच्याजवळून ग्लेनिस पुढं सरकली आणि मागून खस्सकन आवाज आला. तिनं वळून पाहिलं. 'प्रुडन्स'चा पुढचा दोर सैल पडून पाण्यात लोळत होता, आणि अख्खी बोट सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी, कालव्यात आडवी होत होती.

कालव्यावर याहून लाजिरवाणी चूक नाही. बांधलेल्या बोटीजवळून जोरात गेलं, की पाणी तिला ओढतं आणि काठावर ठोकलेल्या मेखा उपटून येतात. म्हणून बांधलेली बोट दिसली की वेग कमी करायचा, हे इथं पहिल्या दिवशी शिकवतात.

'प्रुडन्स'चं दार धाडकन उघडलं.

"आंधळी आहेस का गं बाई? शर्यत लावलीय का? चहाचा कप सांडला माझा!"

लोकरी टोपी घातलेला, ऐंशीच्या घरातला म्हातारा होता.

"चूक झाली," ग्लेनिस ओरडली. "आत्ता नीट करून देते!"

"सगळे असंच म्हणतात! कालचा तो तर थांबलासुद्धा नाही!"

तिनं बोट मागं घेतली आणि 'लॅपविंग'ची कूस 'प्रुडन्स'ला हळूच टेकवून तिला रेटत रेटत काठाला लावलं. मग इंजिन बंद केलं, आपला घण उचलला, म्हाताऱ्याच्या बोटीवरून पलीकडं काठावर उतरली आणि चिखलात गुडघे टेकले.

उपटलेली मेख दोराला लोंबकळत होती. ग्लेनिसनं ती हातात घेतली. हातभर लांब लोखंड, आणि माती लागलेली फक्त टोकाला, चार बोटं. वरचा भाग कोरडा, गंजलेला. तिनं मागची मेख पाहिली. तीही तशीच, पेन्सिल उभी करावी तशी मातीत टेकवलेली. एखादं बदक जोरात पोहत गेलं असतं तरी ती निघाली असती.

तिनं वर पाहिलं. म्हाताऱ्याचा घण छपरावर होता. त्याच्यावर ओली पानं चिकटून बसली होती, आणि दांड्यापासून धुराड्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. म्हातारा डाव्या हातानं दार धरून उभा होता. उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. एवढी आरडाओरड करतानाही तो बाहेर आला नव्हता.

ग्लेनिसच्या वर्गात दरवर्षी एखादं मूल असं असायचंच. वाचायची पाळी आली, की ते शेजारच्याला चिमटा काढायचं, बाक वाजवायचं, भांडण उकरायचं. नवीन शिक्षक त्याला कोपऱ्यात उभं करत. तिनंही सुरुवातीला केलं होतं. पुढं तिला कळलं, की अशा मुलाला चारचौघांत 'तुला वाचता येत नाही का?' एवढं विचारायचं नसतं.

"बघत काय बसलीस?" म्हातारा म्हणाला.

"वेग फारच होता माझा," ग्लेनिस म्हणाली. "अशा वेगानं कुठलीही मेख निघाली असती."

म्हातारा तिच्या हातातल्या घणाकडं बघू लागला.

तिनं मेख थोडी बाजूला, घट्ट जमिनीत धरली आणि घण हाणला. वसंतापर्यंत हे काम नॉर्मनचं होतं. आता खांद्याला सवय झाली होती, कमरेला अजून नव्हती. मेख निम्मी आत गेली.

"फार खोल नको," म्हातारा एकदम म्हणाला.

ग्लेनिसचा घण वरच थांबला.

"खोल गेली, की..." त्यानं टोपी नीट केली. "शुक्रवारी मला हलायचंय. पंधरवडा भरतोय."

तिनं घण खाली टेकवला, श्वास घेतला.

"माझ्या चुकीनं ठोकाव्या लागतायत," ती म्हणाली, "तेव्हा काढायच्याही मीच. कालव्यावर तशीच रीत आहे ना?"

अशी काही रीत नव्हती. म्हाताऱ्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं.

"आहे," तो म्हणाला.

मग तिनं दोन्ही मेखा डोक्यापर्यंत ठोकल्या.

ती उठली, तेव्हा तिची पाठ सरळ व्हायला वेळ लागला. "आता अंधारात कुठं भटकणार?" म्हातारा म्हणाला. "लाव तुझी बोट माझ्याच कुशीला. मात्र पहाटे इंजिन सुरू करायचं नाही. आणि माझ्या डेकवरून जाताना बूट काढायचे."

"माझ्या नवऱ्याला सकाळी पुलावर जायचंय. त्याचे बूट घालायलाच अर्धा तास लागतो."

"बरं, त्याला माफ. तू काढ, पोरी."

ग्लेनिस अडुसष्ट वर्षांची होती. ती हसली, तेव्हा तिला कळलं, की सकाळपासून हे पहिलंच.

सांडलेल्या कपाची भरपाई म्हणून तिनं त्याला चहाला बोलावलं. त्याचं नाव होतं टॅपली. शेगडीपाशी तो नॉर्मनसमोर बसला आणि डाव्या हातानं कप घेतला. नॉर्मननंही डाव्याच हातानं घेतला.

"माझा उजवा संपावर गेलाय," नॉर्मन म्हणाला.

"मागण्या काय आहेत?"

"तेच विचारायला उद्या इस्पितळात चाललोय. मला तर काही सांगत नाही."

टॅपली हसता हसता खोकला. हसू ओसरल्यावर त्यानं शेगडीकडं पाहत विचारलं, "तिथं काय करून घेतात?"

"अजून माहीत नाही. आल्यावर सांगतो."

"मला कशाला सांगायचं?" टॅपली म्हणाला. मग कप खाली ठेवत म्हणाला, "बरं, सांग."

तो गेल्यावर ग्लेनिस ओले मोजे शेगडीवर वाळत घालत होती. नॉर्मन तिच्याकडं पाहत होता.

"मी खिडकीतूनच बघत होतो," तो म्हणाला. "तू एवढ्या जोरात नव्हतीस."

"होते," ग्लेनिस म्हणाली आणि मोजा पिळला.

सकाळी गाडी वेळेवर आली. नॉर्मन बूट घालूनच 'प्रुडन्स'च्या डेकवरून गेला. टॅपलीनं त्याला उतरताना डावा हात दिला, नॉर्मननं डाव्यानंच धरला. गाडी निघून गेल्यावर ग्लेनिस पुलाच्या कठड्याशी टेकून उभी राहिली. आज कुठंही जायचं नव्हतं. तिला तिथंच झोप लागली असती.

इतक्यात वळणावरून एक लाल बोट आली. सुकाणूपाशी उभा असलेला जाडजूड माणूस टोस्ट खात होता, आणि बांधलेल्या बोटी दिसूनही त्यानं वेग मुळीच कमी केला नव्हता.

'प्रुडन्स'चं दार उघडलं. टॅपली बाहेर आला, छाती फुगवली, तोंड उघडलं. लाल बोटीवरच्या माणसानं टोस्ट खाली ठेवून खांदे आक्रसले. त्याला हे ओळखीचं असावं.

पाणी ओढलं गेलं. दोर ताणले, करकरले. टॅपलीची नजर मेखांवर गेली. दोर सैल झाले. मेखा जिथल्या तिथं होत्या.

टॅपली तसाच उभा राहिला, तोंड उघडं ठेवून. मग म्हणाला, "आज उघडीप दिसतेय!"

लाल बोटीवरचा माणूस पुलाखालून दिसेनासा होईपर्यंत मान वळवून त्याच्याकडं बघत होता.