डेलाच्या गाण्याचा लेख

जॅझ क्लबला चाळीस वर्षं झाली म्हणून काढलेली पुस्तिका टपालाने आली. वासुदेव कर्णिकांनी ती दारातच, उभ्या उभ्या उघडली. चौदाव्या पानावर एका जुन्या ब्लूज गाण्याचा इतिहास होता. लेखाखाली नाव होतं, वासुदेव कर्णिक.

त्यांच्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुस्तिका भिंतीवर आपटावीशी वाटली.

वासुदेवांनी आयुष्यात लेख म्हणून एक ओळ लिहिली नव्हती. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी दारांच्या बिजागऱ्या केल्या. लेख कुंदाचा होता. पाच वर्षं ती त्या एका गाण्याच्या मागे होती. नोव्हेंबरात ती गेली, आणि मार्चमध्ये तिचा लेख नवऱ्याच्या नावाने छापून आला.

त्यांनी लगेच पुस्तिकेच्या संपादकाला, हेर म्हणजे श्रीयुत फोग्टना, फोन लावला.

"हा लेख माझा नाही. माझ्या बायकोचा आहे."

"पण हेर कर्णिक, सगळे ईमेल तुमच्याकडूनच आले होते."

"पत्ता माझा होता. लिहीत ती होती. ती आता नाही."

"आल्झो... असं बघा, मी दर वेळी 'प्रिय हेर कर्णिक' असंच लिहिलं. सात वेळा. तुम्ही, म्हणजे त्यांनी, कधीच दुरुस्त केलं नाही. खाली नुसतं 'कर्णिक' असायचं. आणि आता चारशे प्रती छापून झाल्यात. रविवारी कार्यक्रम आहे. तुम्ही याच, मला फार आनंद होईल."

वासुदेवांनी फोन ठेवला आणि कॉम्प्युटर उघडला. सातही पत्रं तिथे होती. कुंदाने एकदाही म्हटलं नव्हतं की मी हेर नाही, फ्राऊ म्हणजे बाई आहे. का नाही म्हटलं? एका वाक्याचं काम होतं. वासुदेवांना तिचाही राग आला. मेलेल्या बायकोवर रागावून माणसाने जायचं कुठे? ते घरभर फिरत राहिले.

संध्याकाळी शिरीष सबनीस डबा घेऊन आले. महाराष्ट्र मंडळाचे ते अध्यक्ष, आणि कुंदा गेल्यापासून दर गुरुवारी त्यांच्या घरून डबा यायचा. त्यांनी पुस्तिका चाळली आणि खूश झाले.

"वा, वासुदेवराव! मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. छुपे रुस्तम निघालात."

"मी नाही लिहिलेलं. कुंदाचं आहे."

"मग एकच की! तुम्ही आणि वहिनी काही वेगळे का? उलट अभिमान वाटायला हवा. बाईने मोठ्या मनाने नवऱ्याचं नाव ठेवलं."

"ठेवलं नाही. तसं झालं. माझ्यामुळे झालं."

"कशाला जिवाला लावून घेताय? छापलंय ना छान? नाव घरातच राहिलं."

"शिरीष, तुमचा पेटंटचा अर्ज तुमच्या साहेबाच्या नावाने गेला होता, तेव्हा तुम्ही वर्षभर वकिलाकडे खेटे घातले होते. तेव्हा नाव कंपनीतच राहिलं होतं ना?"

शिरीषनी डबा ओट्यावर ठेवला. "तुम्ही आज बोलण्याच्या मनःस्थितीत नाही," म्हणाले आणि निघून गेले.

त्या रात्री वासुदेवांनी लेख पहिल्यांदा वाचला. खरं तर हीच त्यांची लाज होती. पाच वर्षं हे काम त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चाललं होतं आणि त्यांनी कागद उचलून बघितला नव्हता. "आवाज कमी कर गं, तेच तेच गाणं," एवढंच ते म्हणायचे.

लेखात होतं ते असं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेत डेला प्रुइट नावाची एक काळी बाई लोकांचे कपडे धुवायची आणि धुताना गायची. तिचं गाणं एका बँडमास्तरने ऐकलं, कागदावर उतरवलं आणि स्वतःच्या नावाने नोंदवून टाकलं. मग ते सगळीकडे गेलं. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवरून जर्मनीत आलं, तळघरातल्या क्लबांमधून वाजू लागलं. तबकड्यांवर मात्र नाव बँडमास्तरचंच.

कुंदाने सतरा ध्वनिमुद्रणं ऐकली होती. त्यातल्या सर्वात जुन्या, खरखरणाऱ्या तबकडीवर तिला शेवटी एक जास्तीचं कडवं सापडलं. पुढच्या सोळांत ते नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'आमच्याकडे अभंगाच्या शेवटच्या ओळीत रचणारा आपलं नाव घालतो. म्हणून मी शेवटाकडे कान लावून बसले. तिथे ती बाई म्हणते, डेला सांगते ते ऐका. ज्याने गाणं घेतलं त्याने हे कडवं कापलं, कारण त्यात मालकीण होती.'

जर्मन लोक ते गाणं सत्तर वर्षं वाजवत होते, पण कुणालाही तिथे नाव शोधायचं सुचलं नव्हतं. हे कुंदाला सुचलं होतं. आणि वासुदेवांना आता आठवलं, ती एकदा म्हणाली होती, "अहो, मला माझा वेगळा ईमेल काढून द्या ना." तेव्हा पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले होते, "तुला कुणाची पत्रं येणार आहेत?"

तिने पुन्हा विचारलं नाही. तिने फोग्टना का दुरुस्त केलं नाही, याचं उत्तर बहुधा तिथेच होतं.

रविवारी सकाळी अकराला क्लबच्या तळघरात शंभरेक लोक बिअर आणि खारे ब्रेत्सेल पाव घेऊन बसले होते. शिरीषही मंडळाची पाचसहा माणसं घेऊन आले होते. हेर फोग्ट माइकसमोर आले. उंच, गोड बोलणारा माणूस. "या गाण्याचा इतिहास ज्यांनी शोधला, ते आपल्यात आहेत. हेर वासुदेव कर्णिक! हे काम त्यांच्या दिवंगत पत्नीच्या मदतीने—"

टाळ्या सुरू झाल्या. वासुदेव उठले.

"थांबा! टाळ्या थांबवा!"

त्यांचं जर्मन कारखान्यातलं, कामापुरतं. पण आवाज यंत्रांवरून ऐकू जाईल असा होता. टाळ्या थांबल्या.

"मदत नाही. सगळं तिचं आहे. मी काही केलं नाही. मी तिला आवाज कमी करायला सांगितलं. एवढंच माझं योगदान, ते छापा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शिरीष मागून मराठीत कुजबुजले, "वासुदेवराव, बसा हो, चारचौघांत..."

"तुम्ही बसा!"

फोग्ट लाल झाले होते. "हेर कर्णिक, आपण पुढच्या आवृत्तीत नक्की—"

"पुढची आवृत्ती चाळीस वर्षांनी येईल. हे लोक आज इथे बसलेत. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय की एका माणसाने एका बाईचं गाणं घेतलं, आणि खाली चोर म्हणून माझं नाव छापलंय. वाचलंत तरी का तुम्ही? आत्ता सांगा त्यांना. माइकवर."

फोग्टनी हातातल्या पुस्तिकेकडे पाहिलं, मग माइक जवळ घेतला. "हा लेख... फ्राऊ कर्णिक यांचा आहे."

"फ्राऊ कर्णिक माझी आईपण होती. नाव सांगा."

"कोंडा कर्णिक."

"कुंदा."

"कुन्टा..."

"कुंदा! द! परत."

फोग्टना तिसऱ्यांदा जमलं. वासुदेव उभेच होते. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आता जरा बिचकत, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्याचाही त्यांना संताप आला. "माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले, आणि टाळ्या चालू असतानाच जिना चढून बाहेर गेले.