तारीख धरते म्हणाली

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... आठही तारा त्या इवल्याशा पारदर्शक कनेक्टरमध्ये शिरल्या आणि शिवलीलानं पक्कड दाबली, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपण बघतच नव्हतो – बोटंच काम करत होती, डोकं भलतीकडे होतं. रविवार होता. कमलनगरच्या आडतीत तुरीच्या पोत्यांवर नजर ठेवायला अप्पांनी कॅमेरा आणला होता, आणि बीदरला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक घरी आलेली असताना बाहेरचा माणूस बोलावणं तिच्या बापाच्या बुद्धीत बसण्यातलं नव्हतं.

भलतीकडे म्हणजे नेहमीच्याच ठिकाणी. नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा – आत्ता द्यायची, की पुढं? आत्ता दिली तर मुदत तीनच वर्षांची, त्यातली दोन कॉलेजातच वाया जाणार. तिसऱ्या वर्षी द्यावी तर इंटर्नशिपची धावाधाव. शेवटच्या वर्षावर टाकावी तर कंपन्या दारात येऊन उभ्या आणि हिचे हात रिकामे... प्रत्येक तारखेला काही ना काही आडवं येत होतं, आणि गंमत म्हणजे आडवं येणारं ते सगळं खरंच होतं.

मंजुश्रीनं असलं काही बघितलं नाही. हॉस्टेलातली तिची ही रूममेट गेल्या महिन्यात हैदराबादला जाऊन परीक्षा देऊन आली, नापास झाली, आणि येताना सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं घेऊन आली. नापास झाल्याची बिस्किटं! शिवलीलानं दोन खाल्ली. ‘वाईट झालं गं,’ असं म्हणाली, आणि म्हणता म्हणता आत कुठंतरी बरं वाटलं – त्याची तिला अजून लाज वाटते.

“तुझी ती परीक्षा कवा हाय गं?” अप्पांनी काट्यावरची नजर न काढता विचारलं.

“बघायलेय अप्पा. सगळं जुळून आलं की तारीख धरते.”

“जुळून?” अप्पा हसले. “आपल्या घरात कवापासनं मुहूर्त बघायलेत?”

आणि गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये तुरीच्या भावाचं बोलू लागले.

दादाचं लग्न अप्पांनी अमावास्येला लावलं होतं. कार्यालय त्या दिवशी रिकामं होतं, एवढंच कारण. उमादेवीवहिनीची मावशी रुसून जेवली नाही, तेव्हा अप्पा म्हणाले होते, “इष्टलिंग रोजच गळ्यात हाय, मग वाईट दिस आणायचा कुठनं?” ते बोलणं मैत्रिणींना सांगत आपण केवढं मिरवलो होतो... आणि आता सेमिस्टरचं पंचांग मांडून कोण बसलंय? तिला अप्पांचा राग आला. छे, मुदत तर खरीच तीन वर्षांची आहे. पण समजा, दहा वर्षांची असती? तरी काहीतरी निघालंच असतं. हॉस्टेलचं वायफाय बंद पडलं की पोरी माझंच दार वाजवतात, वॉर्डनबाईसुद्धा ‘शिवलीलाला हाक मारा’ म्हणतात. परीक्षा दिली नाही तोवर ते दार वाजत राहणार. मंजुश्रीला कुणी काही समजतच नव्हतं, तिचं काय गेलं? मी नापास झाले तर – मग मी कोण?

कॅमेरा लागला. “लई साफ दिसायलंय की,” अप्पा म्हणाले.

तारीख तिनं धरली नाही. फोनही बाहेर काढला नाही. पण मुदत, इंटर्नशिप, कंपन्या – ती सगळी कारणं पुन्हा मांडायला गेली, तर तिची तिलाच खरी वाटेनात. उरलं ते एकच, आणि ते या घरात दोन्हींपैकी कुठल्याच भाषेत कुणी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात तिनं ते आधी कन्नडमध्ये म्हणून पाहिलं. तसं ते जरा दुसऱ्या कुणाचं वाटलं. मग मराठीत... मला भ्या वाटायलंय.

ओठ हलले असावेत.

“काय म्हणायलीस?” अप्पांनी मान वर करून विचारलं, आणि पुढं करायला तिला एकही कारण सापडेना.