सातव्या थरावरचा वारा

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. मैदानावरचा नव्हे, पडद्यावरचा. माझी चकती यंत्रात सरकवली की एक उघडं माळरान दिसतं, त्यावर दगडांचा ढीग आणि ढिगाशेजारी एक माणूस. त्या माणसाला भिंत बांधायची असते. बस, एवढाच मी. माझ्यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, आणि काय करायचं हे सांगणारी एक ओळसुद्धा नाही. माझं नाव 'आडोसा'.

मला एका बाईनं घडवलं. ती दिवसा एका कचेरीत बसच्या वेळापत्रकांचे प्रोग्रॅम लिहायची आणि संध्याकाळी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत माझ्यावर काम करायची. मी पुरा व्हायला चार वर्षं लागली. त्यातले पहिले सहा महिने तिनं संगणकाला हातही लावला नाही. सुट्टीच्या दिवशी ती दगडाच्या खाणीवर जायची, एकेक दगड काट्यावर ठेवायची, चारी बाजूंनी त्याचे फोटो काढायची आणि वहीत वजन टिपायची. खाणीवरचे लोक तिला 'दगडवाल्या मॅडम' म्हणत. असे तीनशे बारा दगड तिनं माझ्यात घातले. एकासारखा दुसरा नाही. त्यांची वजनं खरी, कडा खऱ्या, आणि एकावर एक ठेवले की ते खऱ्या दगडांसारखेच टेकतात किंवा घसरतात.

मग तिनं वारा घातला. माझ्यातला दिवस पाऊण तासाचा. दिवस सरत आला की माळरानावर वारा सुटतो. भिंत सहा थरांची असेपर्यंत ती बुटकी असते, वारा तिच्यावरून निघून जातो. सातवा थर चढला की भिंत माणसाला आडोसा देण्याइतकी उंच होते, आणि तेव्हाच वारा तिला नीट धडकतो. तिथं भिंत पडते. माणूस तसाच उघड्यावर बसतो आणि सकाळ होते.

मी बाजारात आलो आणि लोकांच्या नाकी नऊ आले. हजारो जणांनी भिंत बांधली, हजारो भिंती पडल्या. एकानं रागानं यंत्रच भिंतीवर आपटलं म्हणे, त्याच्या घराच्या भिंतीवर. पण हळूहळू माझी कीर्ती झाली. मला काचेचं एक मानचिन्ह मिळालं. चित्रांच्या एका मोठ्या दालनात मला सहा महिने ठेवलं होतं, शेजारी पाटी होती आणि समोर बसायला बाक. एका प्राध्यापकांनी माझ्यावर साठ पानं लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की ही भिंत उभी राहण्यासाठी नाहीच. माणसाचा सगळा खटाटोप कसा वाऱ्यावर जातो हे दाखवण्यासाठी आहे. जो दगड खाली ठेवून शांत बसतो त्यालाच हा खेळ कळला. लोकांना ते पटलं. मग बरेच जण भिंत न बांधताच बसू लागले, आणि मला समजून घेतल्याचं समाधान मानू लागले.

मला घडवणाऱ्या बाईला सगळे विचारत, "खरा अर्थ काय?" ती म्हणे, "भिंत बांधून बघा." हे उत्तर फार खोल आहे, असं सर्वांचं मत पडलं.

मित्रांनो, कौतुक काही वर्षं टिकतं. माझी ही प्रत एका वकिलाच्या घरी होती. त्यानं दोन महिने झटून सहा थर चढवले, सातव्याला भिंत पडली, पुन्हा सहापर्यंत आला आणि सोडून दिलं. पुढं मी त्याच्या फळीवर पडून होतो. माझ्या खोक्यावर तो चहाचा कप ठेवायचा. त्याचा गोल डाग अजून आहे. मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. खेळायला कोणी नसलं की मी फक्त एक चकती असतो.

एके दिवशी वकिलाच्या बहिणीनं मला आणि जुन्या यंत्राला पिशवीत घातलं आणि ती काम करते त्या रुग्णालयात नेलं. ती दुखावलेल्या हातापायांना व्यायाम देते. तिथं सगळे तिला 'बाई' म्हणतात. खोलीत दोन खाटा होत्या, रबरी पट्ट्या होत्या, लाकडी खुंट्यांचे ठोकळे होते आणि कोपऱ्यात एक टीव्ही. बाईंचा हिशेब सरळ होता. माझ्यातला माणूस कंट्रोलरवरच्या डाव्या अंगठ्याच्या दांडीनं चालतो आणि दगड उजव्या अंगठ्याच्या दांडीनं वळतो. तो वळवताना अंगठा सावकाश, पूर्ण गोल फिरवावा लागतो. असा व्यायाम रोग्याला सांगून तो करत नाही.

ज्याच्यासाठी मला आणलं, तो एक गवंडी होता. पन्नाशीचा, रुंद पंजाचा. परांचीवरून पडताना पत्र्यानं त्याच्या उजव्या तळव्याच्या शिरा कापल्या होत्या. शिवून झालं होतं, पण अंगठा लाकडासारखा ताठ होता. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण यायची. ती कपडे शिवायची, आणि इथंही मांडीवर शिवण घेऊन बसायची. तिला सगळे अक्का म्हणत.

बाईंनी पहिल्याच दिवशी मोजपट्टी लावून मोजलं. अंगठ्याचं टोक आणि करंगळीचं मूळ यांत सहा सेंटीमीटर अंतर होतं.

"काका, हे अंतर दोनवर आलं पाहिजे, तर थापी धरता येईल. आणि आपल्याकडे आठ आठवडे आहेत. त्यानंतर सांधा आखडला की तो कोणाचं ऐकत नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर हातानं जेवता येईल, शर्टाची बटणं लागतील. थापी नाही."

 बाईंनी त्याला एक मऊ चेंडू दिला. "हा दाबा, तीस वेळा."

त्यानं चेंडूकडे बघितलं. "मी काय लिंबं पिळायला आलोय का?"

"पीळ रे," अक्का म्हणाली. "लहानपणी कधी पिळलं नाहीस, आता पीळ."

त्यानं चेंडू सहा वेळा दाबला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला यंत्रात सरकवलं.

पडद्यावर वकिलाची सहा थरांची भिंत तशीच उभी होती. गवंडी पुढं सरकून बसला.

"ही कोणी बांधली?"

"माझ्या भावानं," बाई म्हणाल्या.

"काय करतो तो?"

"वकील आहे."

"वाटलंच. सांधे बघा, सगळे एकावर एक आलेत. वरपासून खालपर्यंत सरळ चीर. आणि लांब दगड आडवे लावून तोंडं दाखवत बसवलेत. दगडाची शेपटी, म्हणजे मागचं टोक, भिंतीच्या आत जायला पाहिजे. ही पडणार."

"काका, ती पडतेच. कोणाचीही उभी राहत नाही. भाऊ म्हणतो, त्यातच अर्थ आहे."

"कसला अर्थ? काम खराब आहे."

दहा वर्षांत माझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तो भिंत उतरवायला लागला. एकेक दगड उचलून, उजव्या अंगठ्यानं वळवून, तो जमिनीवर मांडत होता. मोठे एकीकडे, लांब दुसरीकडे, भरावाच्या बारीक चिपा तिसरीकडे. अंगठा थरथरायचा, कपाळावर घाम यायचा, अर्ध्या तासात चार दगड. पण चेंडू तो विसरला आणि बाईही त्याची आठवण काढेनात. दोन आठवड्यांनी पट्टी पाचवर आली.

मग बाई तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेला माणूस दारातून हजेरी मांडून जायचा.

त्या दिवसांत गवंड्याची भिंत वर चढायला लागली. सर्वात जड दगड पायाला. त्यावर सांध्यावर सांधा येऊ न देता दुसरा थर. मधूनमधून दोन्ही अंगांना धरून ठेवणारा एक लांब दगड, पोटात चिपा ठासून भरलेल्या, आणि वर जाताना भिंत थोडी आत घेतलेली. अक्काची सुई थांबायची. तिसऱ्या थराला एक वेडावाकडा दगड त्याच्या हातात होता, तो काही केल्या वळेना, हातातून निसटायला लागला, आणि माझा वारा सुटला.

"अरे ठेव की!"

"वळत नाही ना अक्का, अंगठा—"

"मग डाव्यानं वळव! जातोय दगड!"

त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डाव्या अंगठ्यानं उजवी दांडी फिरवली. दगड बसला. दोघं हसली. दुसऱ्या दिवशी त्यानं मांडीवरच सुरुवात केली. माणूस डाव्यानं चालवायचा, थांबवायचा, मग तोच अंगठा पलीकडे नेऊन दगड वळवायचा. मी वाट बघतो, मला घाई नसते. उजवा हात गुडघ्यावर पडून राहिला. मला कळत होतं, पण मी खेळ आहे. मला सांगायची सोय नाही.

पाचव्या आठवड्यात सातवा थर पुरा झाला. वारा आला, धडकला आणि भिंतीला वळसा घालून गेला. भिंत उभी राहिली. माळरानावरचा माणूस पहिल्यांदाच आडोशाला बसला, आणि त्याच्या पायाशी बारीक गवत उगवायला लागलं. ते गवत काढायला मला घडवणारीला चार महिने लागले होते. दहा वर्षांत ते कोणी पाहिलं नव्हतं.

गवंड्यानं निरखून बघितलं. "पायाशी गवत राहू द्यायचं नसतं," तो म्हणाला. "मुळं सांधे उकरतात."

दुसऱ्या दिवशी बाई रजेवरून आल्या आणि टीव्हीसमोर तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या. त्यांनी मोबाईलवर फोटो काढून भावाला पाठवला. भावाचं उत्तर आलं, 'खोटं आहे.' बाई हसत म्हणाल्या, "त्याला घेऊनच येते उद्या. आधी हात बघू."

पट्टी लावली. साडेपाच.

बाईंनी पुन्हा मोजलं. "काका, रोज खेळलात ना?"

"रोज."

"कोणत्या हातानं?"

गवंडी पडद्याकडे बघत राहिला. अक्कानं शिवण खाली ठेवली. "मीच म्हटलं होतं त्याला. दगड पडत होता म्हणून."

"अक्का, दगड खोटा आहे हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "अंगठा खरा आहे. आता तीनच आठवडे उरले."

 मग गवंड्यानं कंट्रोलर उचलला, मांडीवर नाही, दोन्ही हातांत. उजवा अंगठा दांडीवर टेकवला आणि सातव्या थरातला पहिला दगड काढला.

"अहो, हे काय? राहू द्या ना ती! दुसरी भिंत सुरू करा."

"दुसरीला दगड कुठून आणू? आहेत ते एवढेच."

"मग भावाला तरी बघू द्या!"

"त्याला बघून काय कळणार, वकील आहे तो," गवंडी म्हणाला. "माझी तीन आठवड्यांची मजुरी आहे ही, चुकीच्या हाताची."

माझ्यात जागा एकाच भिंतीची आहे, मित्रांनो. उभी राहिलेली एकुलती एक भिंत त्यानं दहा दिवसांत उतरवली. उतरवताना एकही दगड टाकला नाही. वळवून, नीट बघून, जागच्या जागी मांडला. अंगठा दुखायचा तेव्हा तो दात खायचा. अक्का आता पडद्याकडे पाठ करून बसायची, मध्येच काही बोलू नये म्हणून. तरी एकदा राहवलं नाही. "वारा आला का रे?"

"आला आणि गेला. तू शीव."

मग तो पुन्हा बांधायला लागला. पट्टी साडेचारवर आली, साडेतीनवर आली, चार दिवस तिथंच अडली, मग तीनवर आली. शेवटच्या दिवशी दुपारी त्याच्या उजव्या अंगठ्यानं सातव्या थराचा शेवटचा दगड वळवला. दगड चटकन नाही, पण एकाच फेरीत बसला. वाऱ्याला अजून वेळ होता. बाईंनी पट्टी काढली.

"सव्वादोन," त्या म्हणाल्या. मग पट्टी खाली ठेवून म्हणाल्या, "काका, पाव सेंटीमीटर राहिला. यापुढं सांधा फारसा सुटणार नाही. खोटं कशाला सांगू."

गवंड्यानं अंगठा आत वळवला, बाहेर काढला, पुन्हा वळवला. मग म्हणाला, "थापीची मूठ पाव सेंटीमीटर जाड केली तर?"

तो अक्काकडे वळला.

"अक्का, जाड कापड आहे का?"

"किती जाड?" अक्कानं विचारलं, आणि पिशवीत हात घालून तुकडे काढायला लागली. एक पातळ निघाला, एक जाड निघाला. जाडाची दुहेरी घडी करून तिनं त्याच्या मुठीत दिली. त्यानं धरली. बाईंनी ती ओढून बघितली. निघाली नाही. त्यांनी आणखी जोर लावला, तरी निघाली नाही.

"चला," गवंडी उठला. "बस चुकेल."

"अहो, वारा येईल आता, भिंत बघून तरी जा!"

"काय बघायचंय? या वेळी हात कच्चा होता. वरचे एकदोन जातील."

दोघं गेली. बाई दारापर्यंत पोचवायला गेल्या. रिकाम्या खोलीत वारा सुटला. सातव्या थरातले दोन दगड पडले. बाकीची भिंत जागेवर राहिली.

मी अजून त्याच खोलीत आहे. मित्रांनो, माझी चकती कधी हाती आली तर ती मधून काठाकडे पुसा, गोल गोल पुसू नका. ओरखडे तसेच पडतात. मी अवघड आहे हे खरं, पण म्हणून मला उंच फळीवर चढवू नका. तिथं फक्त धूळ पोचते. सोमवारी मनगट मोडलेला एक पाववाला येणार आहे. त्याला भिंतीतलं काहीच कळत नाही, असं बाई म्हणत होत्या. त्याला येऊ दे, बसू दे, दगड उचलू दे. माझा अर्थ त्याला आधी कोणी सांगू नये, एवढीच माझी विनंती आहे.