कड्यावरचा ठसा

सकाळी साडेदहा वाजता निर्वात टाकीचा पंप पुन्हा बंद करावा लागला. आतला दाब कालच्याच आकड्यावर अडला होता, आणि टाकीत एवढी हवा उरली तर थ्रस्टर पेटत नाही.

थ्रस्टर तळहाताएवढा. अवकाशयानाला विजेच्या जोरावर ढकलणारं हे इंजिन शेवटच्या वर्षाच्या चौघांनी खपून बनवलं होतं. आता तिघंच होते. चौथा, ज्याला सगळे तात्या म्हणायचे, गेल्या महिन्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या स्टुलावर त्याची धाकटी बहीण येऊन बसायची. दादाच्या इंजिनाचा निळा झोत आईबाबांना एकदा दाखवायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

"गळती नाही," तिघांतला वायरिंगवाला म्हणाला. "म्हणजे आतच काहीतरी घाण आहे."

टाकी उघडली. गटप्रमुख मुलीने टॉर्च धरला. इंजिनाच्या पांढऱ्या सिरॅमिक कड्यावर तेलकट अंगठा उमटला होता. अख्खा. कडं तात्याने बसवलं होतं.

"हातमोजे घाल म्हणून घसा कोरडा केला मी," ती म्हणाली.

"आणि तो म्हणायचा, हात धुतलेत हो, सासूबाई!" वायरिंगवाल्याने तात्याची नक्कल केली.

दोघं हसले. बोटाचं तेल निर्वातात वाफ होऊन सुटत राहतं. दाब त्यामुळेच अडला असेल असं नाही, पण ठसा पुसणं भाग होतं.

"नका ना पुसू," बहीण म्हणाली. "कपडेसुद्धा मावशीने वाटून टाकले त्याचे."

"मग पेटणार नाही गं ते," गटप्रमुख म्हणाली.

"फोटो काढून ठेव," तिसरा म्हणाला.

"फोटो ढीगभर आहेत." ती उठली. "मीच पुसते. तुम्ही बाहेर थांबा."

तिला ॲसिटोनची बाटली, कापड आणि हातमोजे देऊन तिघं बाहेर गेले. परतले तेव्हा तिने टाकीचं दार लोटलेलं होतं.

"झालं," ती म्हणाली.

दार आवळण्याआधी दुसऱ्याने आत पाहायचं, हा गटाचाच नियम. त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. बोल्ट आवळले, पंप सुरू केला.

संध्याकाळी दाब कालच्या आकड्याच्या थोडा वर होता. उतरत होता, पण फार हळू. तिघांपैकी कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला: तात्याचे आईबाबा झोत बघायला आलेत, खाली फाटकाशी थांबले आहेत.